खोली नंबर तीन

वडगावच्या रजिस्टर ऑफिसात त्या दिवशी नंदाबाईला फक्त यंत्रावर अंगठा ठेवायचा होता आणि कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. बाकीचं सगळं तिच्या थोरल्या भावानं, बजरंगनं, उरकून ठेवलं होतं. माहेरची, बेडशाची जमीन मुंबईच्या एका पार्टीला बंगल्यांच्या स्कीमसाठी जाणार होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलं होतं आणि ते काढायला हक्कसोडपत्र हवं होतं. अशा वेळी बहिणी सकाळी भावाच्या गाडीतून येतात, सही करतात, हॉटेलात जेवतात आणि नवी साडी घेऊन सासरी परततात. साडीची पिशवी नंदाबाईच्या मांडीवर होतीच. मोरपंखी रंग. तिला आवडतो म्हणून बजरंगनं आठवणीनं तोच घेतला होता.

साहेबांनी मान वर न करता रोजचा प्रश्न विचारला, "राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव नाही ना?"

"दबाव न्हाई," नंदाबाई म्हणाली. "पर राजीखुशी पण न्हाई."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हंजे मला सोडायचं न्हाई. माझा हिस्सा मला पायजे."

खरं तर घरून निघताना तिच्या मनात असलं काही नव्हतं. पण भाऊ, भावजय, वकील, एजंट, कुणी म्हणजे कुणीच तिला तोवर हे विचारलं नव्हतं. साहेबांनी विचारलं आणि उत्तर तोंडातून बाहेर पडलं. एकदा पडल्यावर ते मागं घ्यायचं तिला काही कारण दिसेना.

बाहेरच्या आवारात बजरंगनं तिला गाठलं. "चारचौघांत माझी लाज काढलीस, नंदे. बापाचं नाव घालवलंस."

"बापाचंच नाव लावलंय की मी. कागदावर बग." तिनं साडीची पिशवी त्याच्या गाडीच्या टपावर ठेवली. "आन् दादा, एवढ्या मोट्या रानाची एवढीशी घडी घातलीस व्हय?"

पार्टीला घाई होती आणि सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय व्यवहार होणार नव्हता. महिना-दीड महिना शिव्याशाप झाले, नातेवाईक समजूत घालून थकले, आणि शेवटी बजरंगनं तिचा हिस्सा चेकनं दिला. चेक हातात देताना तो म्हणाला, "आजपासनं तू आमाला मेलीस." त्या वर्षीपासून भाऊबीज बंद झाली.

नंदाबाईचा नवरा हनुमंत लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये आचारी होता. भांडण म्हटलं की तो उठून बाहेर जायचा. त्याला वाटत होतं, पैसे बँकेत टाकावेत आणि गप बसावं. एजंट तळेगावातला फ्लॅट दाखवत होता, शिरगावकडचे प्लॉट दाखवत होता. नंदाबाईनं सगळं बघितलं आणि घेतली काय, तर वडगावातच, बाजारामागच्या गल्लीतली पाच खोल्यांची जुनी चाळ. पुढं लांब ओटा, मागं दोन संडास, एक बोअर. विकणारा शेठ पुण्याला राहायचा. तो गुणगान गात असताना नंदाबाई नळावरच्या बायकांशी बोलून आली होती. पाणी किती वेळ येतं, लाइट किती वेळा जाते, कुठल्या खोलीत उंदीर होतात, हे तिला शेठपेक्षा जास्त ठाऊक झालं होतं. त्या उंदरांवरूनच तिनं भाव पाडला.

"नावं दोघांची घालू?" वकिलानं विचारलं.

हनुमंतनं खाकरून घसा साफ केला.

"एकच घाला," नंदाबाई म्हणाली. "माझं."

दोन नंबरात ती स्वतः हनुमंतबरोबर राहायला आली. घरमालकीण म्हणून ती काही गोड नव्हती. पाण्याची मोटार तिच्याच हातात असायची आणि नळ वाहता दिसला की ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची. प्रत्येक खोलीला तिनं वेगळा मीटर बसवून घेतला. करारनाम्याशिवाय खोली नाही, पोलिसांकडे नोंद केल्याशिवाय किल्ली नाही, आणि अकरा महिने झाले की भाडं वाढणार म्हणजे वाढणार. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या एका भाडेकरूला तिनं बाहेर काढलं, तेव्हा त्याचं सामान तिनं स्वतः टेम्पोत भरलं आणि बायकोला म्हणाली, "तुला ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा." ती बाई राहिली नाही, नवऱ्यामागं गेली. नंदाबाईला त्याचा राग बरेच दिवस होता.

पण माणूस बघून ती खोली द्यायची, जात बघून नाही. सावित्राबाई ही ठाकरवाडीवरची आदिवासी विधवा तळेगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची आणि तिला गावात कुणी खोली देत नव्हतं. नंदाबाईनं पहिल्या नंबरची दिली. गल्लीतला एक जण सांगायला आला, "वाडीवरची माणसं आणून बसवलीत, आमी हितं कसं ऱ्हायचं?"

"भाडं ती देती," नंदाबाई म्हणाली. "तुमी देत आसाल तर तुमचं बी ऐकते."

अशी सात वर्षं गेली. आणि एका मंगळवारी दुपारी बजरंगची मुलगी कोमल चाळीच्या दारात उभी राहिली.

नंदाबाईनं तिला आधी ओळखलंच नाही. शेवटचं बघितलं तेव्हा ती बारावीला होती. तिच्या लग्नाचं आमंत्रणही आत्याला आलं नव्हतं. आता खांद्याला एक बॅग, अंगावर पंजाबी ड्रेस आणि डाव्या गालावर पिवळट पडत चाललेला डाग.

"आत्या, मी कोमल."

"दिसतंय. ये, बस."

चहा होईपर्यंत कोमलनं सगळं सांगून टाकलं. लोणावळ्याजवळ तिच्या सासरचे दोन बंगले होते, शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्यानं द्यायचे. नवरा अमृत बुकिंग घ्यायचा, ती स्वयंपाक करायची, उलट्या पुसायची, चादरी धुवायची. गर्दी झाली की त्यांची स्वतःची झोपायची खोलीसुद्धा गिऱ्हाइकाला जायची आणि ती सिलिंडरच्या खोलीत सतरंजी टाकायची. कुणीतरी दारू प्यालेला तिथंही दार वाजवायला आला, तेव्हा तिनं आरडाओरडा केला. गिऱ्हाईक नाराज झालं म्हणून अमृतनं तिच्या तोंडात मारली. दोनदा ती बेडशाला माहेरी गेली होती. दोन्ही वेळा बजरंगनंच तिला गाडीत घालून परत सोडलं होतं.

"म्हणून या वेळी बेडशाला गेलेच नाही. लोणावळ्याहून गाडी पकडली ती इथं वडगावला उतरले. मला इथं राहू द्याल?"

नंदाबाईनं कप खाली ठेवला. "हितं म्हंजे कुटं?"

"तुमच्याकडं."

"माझ्याकडं न्हाई ऱ्हायचं. तीन नंबर रिकामी हाय. भाडं, डिपॉझिट, करारनामा. सगळ्यांना हाय तेच तुला."

कोमलचं तोंड उतरलं. माहेरी आत्याचं नाव निघालं की पैशाची हावरी बाई, एवढंच ती ऐकत आली होती. तिनं बॅग उचलली. "माझ्याकडं आता काही नाही, आत्या. नोकरी शोधणार आहे."

"मग शोद. पगार झाला की दे. पर कागद आज व्हईल." नंदाबाईनं बॅगेचा बंद धरला आणि तिला पुन्हा खाली बसवलं. "ऐक. माझ्या घरात ऱ्हायलीस तर तू पाव्हणी. पाव्हणीला न्यायला कुणीबी येतं, बाप येतो, नवरा येतो, आन् मला म्हणतो, आमचं माणूस दे. मी काय सांगू त्याला? भाडेकरूला आसं न्हेता येत न्हाई. ती कुणाची पाव्हणी नसती. खोली तिची, कुलूप तिचं. समजलं का?"

कोमलनं बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "डिपॉझिट किती?"

"आत्ता कशी बोललीस," नंदाबाई म्हणाली.

संध्याकाळी एजंट लॅपटॉप घेऊन आला आणि ओट्यावरच करारनामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पोलीस स्टेशनला जाऊन भाडेकरूची माहिती देऊन आल्या. गालावरचा डाग बघून तिथल्या महिला हवालदारानं तक्रार द्यायची का विचारलं. कोमल म्हणाली, "हो, देते." कुलूप तिनं स्वतः बाजारातून आणलं. दुसरी किल्ली ती नंदाबाईला द्यायला लागली, तर नंदाबाईनं हात मागं घेतला.

सावित्राबाईनं तिला कंपनीतल्या ठेकेदाराकडे नेलं. तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. कंपनीची बस फाट्यावरून न्यायची, फाट्यावर सोडायची. पंधरवड्यात तिचं चालणं बदललं. नळावर ती नंदाबाईशी हुज्जत घालायला लागली, तेव्हा सावित्राबाई हसून म्हणाली, "आता ही ऱ्हाती बगा."

बजरंग आणि अमृत आले ते बुधवारी, दुपारच्या आधी. हनुमंतची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असायची, कारण शनिवार-रविवारी रिसॉर्टला फुरसत नसते. तो नुकताच ओटा धुऊन, झाडू उभा करून, दाराशी बसला होता. गाडी थांबलेली बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नंदे," त्यानं आत हाक मारली, "तुजा दादा आलाय."

सात वर्षांनी भाऊ-बहीण समोरासमोर आले. बजरंगचे केस पांढरे झाले होते. गळ्यात जाड साखळी आली होती. नंदाबाईला क्षणभर वाटलं, विचारावं, कसा हायेस. पण तो बोललाच आधी.

"माझी पोरगी दे."

"तुजी पोरगी माझ्याकडं न्हाई."

"खोटं बोलू नगो. सगळ्या वडगावनं बघितलीया."

"माझ्याकडं न्हाई म्हणाले. तीन नंबरला माझी एक भाडेकरू ऱ्हाती. तिचं नाव कोमल हाय. तिला भेटायचं आसंल तर दार वाजवा. ती उगडंल न्हाईतर न उगडंल, तिची मर्जी."

अमृत पांढऱ्या बुटांत, हातात गाडीची किल्ली फिरवत उभा होता. तो हसला. "आत्या, घरातला विषय आहे. तुम्ही कशाला मधे पडता? बायको आहे ती माझी."

"व्हय ना. मग तुमच्या घरात तिला झोपायला खोली का नव्हती?"

अमृतचं हसू गेलं. गल्लीतले लोक थांबून बघायला लागले होते. सावित्राबाई पहिल्या नंबरच्या दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागं चार नंबरची बाई, लेकरू कडेवर घेऊन.

बजरंगनं आवाज खाली आणला. त्यात आता विनवणी होती आणि ती नंदाबाईला शिवीपेक्षा जड गेली. "नंदे, माझ्यावरचा राग पोरीवर काढू नगो. लग्नात किती केलंय मी, तुला म्हाईत न्हाई. लोक काय म्हणत्यात? बजरंगची पोरगी भाड्याच्या खोलीत, एकटी. मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई."

"तुला तोंड दाखवायला जागा पायजे, दादा, आन् तिला पाठ टेकायला. तिला मी दिलीया. तुजी तू बग."

"वकील लावीन. तुजी चाळ बंद पाडीन."

"लाव की. करारनामा हाय, पोलिसात नोंद हाय, तिनं तक्रार दिलीया. वकिलाला सगळ्याच्या झेरॉक्स मी देते."

तेवढ्यात अमृत पुढं झाला आणि ओट्याच्या पायरीवर त्यानं बूट ठेवला. नंदाबाई आडवी झाली. त्यानं तिचा दंड धरून बाजूला सारायला हात लावला.

"पाव्हणं," हनुमंत म्हणाला. तो कधी उठून उभा राहिला ते कुणी बघितलं नव्हतं. "पायरीवरनं पाय काढा. ओटा आत्ताच धुतलाय मी."

एवढंच तो बोलला. पण हातातला झाडू त्यानं आडवा धरला होता आणि जन्मात कधी कुणाशी न भांडलेला माणूस हललाही नाही. अमृतला त्याचं काय करावं समजेना. हसावं, तर चाळीतल्या सगळ्या बायका आता ओट्यावर आल्या होत्या. त्यानं पाय खाली घेतला.

तेव्हा तीन नंबरचं दार उघडलं. कोमल कारखान्याच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये होती, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. तिनं दार ओढलं, कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग ती पायऱ्या उतरून बापासमोर आली.

"पप्पा, माझी दुसरी पाळी आहे. बस चुकेल."

"गाडीत बस, कोमल."

"नाही बसणार. दोनदा बसले. तुम्हाला भेटायचं असेल तर रविवारी या. मी चहा करीन. एकटे या पण." अमृतकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "याच्याशी मी पोलीस स्टेशनात बोलेन, नाहीतर कोर्टात. वडगावातच आहे कोर्ट, लांब नाही."

ती गल्लीतून निघाली. अमृत दोन पावलं तिच्यामागं गेला, पण गल्लीच्या तोंडाशी बसलेले भाजीवाले, पानवाले सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो थांबला. बजरंग गाडीला टेकून उभा राहिला होता. नंदाबाईच्या मनात आलं, त्याला पाणी द्यावं. तिनं तांब्या भरून आणलाही. त्यानं घेतला नाही. गाडी गेल्यावर ते पाणी तिनं तुळशीला घातलं आणि आत जाऊन बराच वेळ भांडी आपटत बसली. हनुमंत ओट्यावरच बसून होता, झाडू मांडीवर. "पायरी परत धुवाय लागंल," तो सावित्राबाईला सांगत होता.

त्यानंतर बजरंगनं जे करता येण्यासारखं होतं ते केलं. भावकीतल्या लग्नांची आमंत्रणं हनुमंतच्या घरी यायची बंद झाली. बाजारात कुणीतरी चाळीला 'पळून आलेल्या बायकांची चाळ' म्हणायला सुरुवात केली. एजंटनं गिऱ्हाइकं पाठवणं कमी केलं आणि पाच नंबर दोन महिने रिकामी राहिली. हनुमंत म्हणाला, "बग, लोक घाबराय लागले." नंदाबाई म्हणाली, "घाबरू दे. घाबरणारा भाडेकरू मला नगोच." मग पाच नंबरला कामशेतहून एक बाई आली. तिनं एजंटला विचारलंच नव्हतं, ती बाजारात विचारत आली होती, पळून आलेल्या बायकांची चाळ कुठं आहे म्हणून. नंदाबाईनं तिचीही नोंद केली, तिच्याकडूनही डिपॉझिट घेतलं, आणि पहिल्याच दिवशी नळ चालू ठेवला म्हणून तिलाही झापलं.

भात कापून झाल्यावर एका दुपारी अंबूबाई आली. ही बजरंगची बायको, कोमलची आई. एसटीनं एकटीच आली होती, डोक्यावर नव्या इंद्रायणी तांदळाचं गाठोडं. ओट्यावर नणंदेसमोर तिनं गाठोडं उतरवलं.

"तांदूळ लेकीला आणलाय," अंबूबाई म्हणाली. "तुला न्हाई."

"मी मागितला पण न्हाई. तीन नंबर."

कोमल घरी होती, कारखान्यातली पहिली पाळी संपवून आली होती. अंबूबाईनं खोली बघितली. भिंतीला टेकवलेली गादी, दोन भांडी, खिडकीत वाळत घातलेला युनिफॉर्म. तिनं दार आतून लावून बघितलं, कडी वरखाली करून बघितली. मग जमिनीवर पाय पसरून बसली. एवढ्यात तिचा फोन वाजला. बजरंगच होता. कुठं गेलीस, जेवण कुणी करायचं, हे ओट्यावर बसलेल्या नंदाबाईलासुद्धा ऐकू आलं.

"लेकीच्या घरी हाय," अंबूबाई म्हणाली. "उद्या येते. फडक्याखाली भाकरी झाकून ठेवलीया." आणि तिनं फोन ठेवून दिला. नंतर ती नंदाबाईला हाक मारून म्हणाली, "चहाला ये गं. दूद मात्र तुजं आण, हिच्याकडं संपलंय."

रात्री तिघी जेवल्या. कोमलचा खटला कोर्टात उभा राहिला होता आणि तारखा पडत होत्या. बजरंग काही आला नाही, त्या रविवारी नाही आणि पुढच्याही नाही. अंबूबाई मात्र बाजाराच्या दिवशी यायला लागली. घरी काय सांगून येते, हे तिला कुणी विचारलं नाही.

अकरा महिने झाले. नंदाबाई तीन नंबरच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "करार संपला. नवीन करताना भाडं वाढंल, सगळ्यांचं वाढतं तसं."

"नाही वाढणार," कोमल म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"मोरी तुंबते. तीन वेळा सांगितलं. तुम्ही दर वेळी गज घालून ढोसता आणि जाता. आधी पाइप बदला, मग भाड्याचं बोला. तोवर जुनंच भाडं देणार."

"भाची हायेस म्हणून ऐकून घेतीया."

"भाची म्हणून नाही बोलत. चार नंबरलाही तोच त्रास आहे. पाच नंबरलाही. आम्ही तिघींनी ठरवलंय."

नंदाबाईनं चार नंबरकडे बघितलं. तिथली बाई लेकराला घेऊन दारात उभी होती आणि मान हलवत होती. पाच नंबरवाली नळाशी होती. तिनं नळ बंद केला आणि तीही वळून बघायला लागली. सावित्राबाई पहिल्या नंबरातून म्हणाली, "माझी तुंबत न्हाई, पर मी बी त्येंच्याबरूबर."

नंदाबाईचा चेहरा लालबुंद झाला. चाळ माझी, मालकीण मी, आवडत नसंल तर दुसरीकडं बगा, असं बरंच काही ती बोलली. कोमल सगळं ऐकत दारात उभी राहिली, हाताची घडी घालून, आणि जागची हलली नाही. शेवटी नंदाबाई तरातरा घरात गेली.

"काय झालं?" हनुमंतनं घाबरून विचारलं.

"काय व्हायचंय? चाळभर पोरी डोक्यावर चढल्यात." तिनं मोबाइल शोधला, चष्मा शोधला. "त्या प्लंबरचा नंबर कुटं लिवलाय? उद्या सकाळी ये म्हणावं. आन् आख्ख्या लायनीचा पाइप आण म्हणावं, एकट्या तीन नंबरचा न्हाई."